घरगुती गांडूळखत : व्यवहार आणि शब्द

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने गांडुळांविषयी लिहावे, हे या पत्रिकेच्या वाचकांस काहीसे विलक्षण वाटेल. परंतु ज्या निमित्ताने हा लेख लिहावासा वाटला ते निमित्त भाषेचेच आहे. प्रस्तुत लेखकाने घराच्या मागील ओसरीवर गांडूळखताची पेटी ठेवण्याचा प्रयत्न तीन वेळा केला. पहिले दोन प्रयत्न फसले. दोन्ही वेळा हाताशी मराठी माहितीपत्रक होते व त्यातील सूचना शब्दशः पाळल्या होत्या. तिसऱ्या वेळी पेटी नीट चालली आणि अद्याप चालू आहे. मागील अपयशांची कारणे शोधू लागल्यावर असे आढळले की, चूक कष्टांत वा साहित्यात नव्हती; 'गांडूळ', 'ओले', 'कुजणे' आणि 'खत' या चार शब्दांचा जो अर्थ पत्रककाराच्या मनात होता तो वाचणाऱ्याच्या मनात उमटला नव्हता.

हा अनुभव एकट्याचा असता तर त्याची नोंद करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु लेखक राहतो त्या वसाहतीत सर्वांनी मिळून बांधलेला गांडूळखताचा हौद दुर्गंधीमुळे सहा महिन्यांत बुजविण्यात आला, आणि 'हे आपल्याकडे जमत नाही' असा निष्कर्ष सुशिक्षित मंडळींनी काढला. एका चांगल्या पद्धतीवर असा कायमचा शिक्का बसणे ही हानी लहान नव्हे. यास्तव गांडूळपेटी कशी ठेवावी, तिच्यातील खत बागेत कसे वापरावे आणि त्या त्या टप्प्यावर शब्द कोठे दगा देतो, या तिन्ही गोष्टींचा विचार पुढे एकत्रच केला आहे.

१. एक नाव, तीन प्रकार

या प्राण्याला नावांची वाण कधीच नव्हती. संस्कृतात गण्डूपद, किञ्चुलक, महीलता, भूनाग अशी नावे आहेत. हिंदीतील 'केंचुआ' किञ्चुलकाशी नाते सांगतो, तर मराठी 'गांडूळ' गण्डूपदाच्या कुळातील दिसतो. मराठीच्या निरनिराळ्या भागांत दानवे, काडू, शिदोड ही नावेही आढळतात. या नावांकडे लक्ष देऊन पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. महीलता म्हणजे जमिनीवरील वेल, भूनाग म्हणजे भूमीतील सर्प. अर्थात् ही नावे आकारावरून व वसतिस्थानावरून पडली आहेत. प्राणी काय खातो व कोणत्या थरात राहतो यांवरून भेद करणारे नाव त्यांत नाही.

खत करणाऱ्याला मात्र नेमका हाच भेद हवा असतो. मार्सेल बूशे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात गांडुळांचे जीवनपद्धतीनुसार तीन वर्ग केले व ते आज सर्वत्र वापरले जातात. पहिला वर्ग पृष्ठभागावर, पालापाचोळ्यात व शेणाच्या ढिगात राहणाऱ्यांचा. ही गांडुळे आकाराने लहान, रंगाने तांबूस वा जांभळट, चपळ, व झपाट्याने वाढणारी असतात. दुसरा वर्ग मातीच्या आत राहून मातीच खाणाऱ्यांचा. ही फिकट रंगाची असतात, आणि मातीत मिसळलेल्या सेंद्रिय अंशावर जगतात. तिसरा वर्ग खोल उभी बिळे करून राहणाऱ्यांचा. ही रात्री वर येऊन पाने बिळात ओढून नेतात. चार्ल्स डार्विनने आपल्या १८८१ च्या प्रसिद्ध ग्रंथात ज्यांचे वर्णन केले ती बव्हंशी जमिनीत राहणारी गांडुळे होत. त्याने १८४२ मध्ये आपल्या घराजवळील कुरणात खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि १८७१ मध्ये, म्हणजे २९ वर्षांनी, तेथे चर खणून पाहिला. तेव्हा खडूचा थर सुमारे ७ इंच खाली गेलेला आढळला. वरची ती सारी माती गांडुळांनी उपसून घातली होती.

शाळेच्या पुस्तकात 'गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र' असे आपण सर्वांनी वाचलेले असते. ते विधान प्रामुख्याने दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाला लागू आहे, कारण जमीन भुसभुशीत करण्याचे काम त्यांचे. पेटीत घालावयाची गांडुळे मात्र पहिल्या वर्गातील असावी लागतात. लेखकाच्या पहिल्या अपयशाचे मूळ येथे होते. पत्रकात 'गांडुळे सोडावीत' एवढेच म्हटले होते. पहिल्या पावसानंतर अंगणात निघालेली गांडुळे मुलांनी मोठ्या उत्साहाने गोळा केली व पेटीत सोडली. ती माती खाणारी होती. भाजीच्या देठांत व सालींत त्यांना ना अन्न मिळाले ना आसरा. काही निसटली, उरलेली पंधरवड्यात मेली.

खतासाठी भारतात मुख्यत्वे तीन जाती वापरतात. एसेनिया फेटिडा ही मूळची युरोपीय जात तांबडी व पट्टेदार असून थंडी व उष्णता या दोहोंत पुष्कळ तग धरते. १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान तिला सर्वांत मानवते. युड्रिलस युजेनी ही पश्चिम आफ्रिकेतील जात मोठी, खादाड व झपाट्याने वाढणारी आहे. तिला थंडी सोसत नाही. पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस ही आपल्या भागातीलच. जुन्या शेणाच्या ढिगाखाली जी जांभळट गांडुळे दिसतात त्यांत ही असते. ती उष्ण व दमट हवेत सुखाने राहते, परंतु जागा मनास आली नाही तर पेटी सोडून निघून जाण्याची तिची खोड आहे. परक्या जाती आणण्यापेक्षा स्थानिक जातींवर भर द्यावा, असे मत चेन्नईचे सुलतान अहमद इस्माईल यांनी दीर्घकाळ मांडले व तदनुसार प्रयोगही केले. पुण्यात उदय भवाळकर यांनी गांडुळांच्या उपयोगाचा प्रसार केला. नवख्या माणसाने जवळच्या चालू पेटीतून मूठभर खतासह गांडुळे आणावीत, हे सर्वांत सोपे. तेथे टिकलेली जात येथेही टिकण्याचा संभव अधिक.

या पहिल्या वर्गाला 'उकिरड्याचे गांडूळ' असे म्हटले तर घोटाळा टळेल असे लेखकास वाटते. जुना उकिरडा उकरताना तांबडी गांडुळे पाहिलेल्या माणसास एवढ्या एका विशेषणाने सर्व काही कळते.

२. पेटीची रचना

पेटी लाकडाची, प्लॅस्टिकची वा मातीची चालते. चार माणसांच्या घरासाठी सुमारे ६० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल एवढे माप पुरे. खोलीपेक्षा पसारा अधिक असावा, कारण ही गांडुळे वरच्या थरातच वावरतात. तळाला व बाजूंना बारीक भोके पाडावीत. तळाची भोके पाणी निघून जाण्यासाठी, बाजूंची हवेसाठी. पेटी चार विटांवर ठेवावी आणि प्रत्येक वीट पाण्याच्या पसरट भांड्यात असावी, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. जागा सावलीची असावी व पावसाची झड तेथे पोचू नये.

तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा काथ्याचा ५ सेंटिमीटरचा थर द्यावा. त्यावर वाळलेला पालापाचोळा, चुरलेले पाचट वा फाडलेला वर्तमानपत्री कागद यांचा १० सेंटिमीटरचा थर द्यावा. हे सारे आधी भिजवून, पिळून घ्यावे. त्यावर दोन-तीन ओंजळी जुने शेण व मूठभर बागेतील माती घालावी. गांडुळांच्या पोटात अन्न दळण्यासाठी पेषणी असते आणि तिला वाळूच्या बारीक कणांची गरज लागते. माती घालण्याचे हे एक कारण. शेण ताजे असू नये. ताजे शेण 'उष्ण' असते, ते पीक जाळते, असे शेतकरी सांगतात. आणि हा शब्द येथे शब्दशः खरा आहे. ताज्या शेणाचा ढीग कुजू लागला म्हणजे त्याचे तापमान ५० अंशांच्याही वर जाऊ शकते, शिवाय त्यातून अमोनिया वायू सुटतो. गांडुळे ३५ अंशांपुढे तग धरीत नाहीत. दोन-तीन आठवडे पसरून ठेवलेले, गार झालेले शेण घ्यावे. शहरात शेण न मिळाल्यास जुने गांडूळखत त्या कामी येते.

अशा बिछान्यावर अर्धा किलो गांडुळे सोडावीत. ती प्रकाशाला भितात व लगेच खाली जातात. वर ओले गोणपाट झाकावे. पहिले चार-पाच दिवस काहीही घालू नये. त्यानंतर रोज मूठभर, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम, भाजीचे बारीक चिरलेले अवशेष एका कोपऱ्यात पुरून वर पालापाचोळा टाकावा. पेटी रुळली म्हणजे गांडुळे दिवसाला आपल्या वजनाच्या निम्म्यापर्यंत अन्न खातात. म्हणजे अर्धा किलो गांडुळांना जास्तीत जास्त पाव किलो. घरातील सर्व कचरा पहिल्या दिवसापासून पेटीत ओतणे, हे तिच्या नाशाचे हमखास कारण होय.

काय घालावे व काय टाळावे, तेही सांगितले पाहिजे. पालेभाज्यांची देठे, केळीच्या व पपईच्या साली, चहाचा धुतलेला चोथा, निर्माल्यातील फुले, दुधी-भोपळ्याचा गर हे सारे उत्तम. अंड्याची टरफले कुटून घातल्यास आंबटपणा कमी होतो. लिंबाच्या व मोसंबीच्या साली, कांदा-लसूण व मिरच्या अगदी थोड्या. तेल, मीठ व मसाला असलेले खरकटे, दूध-दही, मांस-मासळी ही पेटीत घालू नयेत. गांडुळाची त्वचा ओली व उघडी असते, म्हणून मीठ तिला सोसत नाही. आणि मासळीच्या वासाने उंदीर-घुशी येतात.

३. 'ओले' म्हणजे किती ओले ?

दुसऱ्या पत्रकात 'पेटी नेहमी ओली ठेवावी' असे वाक्य होते. ते वाचून सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालण्याचा नेम ठेवला. तीन आठवड्यांत तळाशी चिखल झाला, दुर्गंधी सुटली, व एका सकाळी गांडुळे पेटीच्या भिंतींवर व झाकणाखाली गोळा झालेली दिसली. ती गुदमरून वर आली होती.

गांडुळास फुफ्फुसे नसतात. ते त्वचेने श्वसन करते. हवेतील प्राणवायू त्वचेवरील ओलसर पापुद्र्यात विरघळतो व मग रक्तात जातो. त्वचा सुकली तर श्वसन थांबते. आणि सभोवती पाणी तुंबून त्यातील प्राणवायू संपला तरीही थांबते. म्हणजे गांडुळाला ओल आणि हवा एकाच वेळी, एकाच जागी हवी असतात. परिभाषेत हे सांगावयाचे तर ६० ते ८० टक्के आर्द्रता असे म्हणतात. परंतु ओसरीवर आर्द्रता मोजण्याचे साधन कोणापाशी असते?

आश्चर्याची गोष्ट अशी की, या स्थितीला मराठीत एक नेमका शब्द शतकानुशतके आहे. तो म्हणजे 'वाफसा'. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतील जादा पाणी निचरून जाते, चिखल उरत नाही, धूळही उडत नाही, ढेकूळ हातात घेतले तर सहज फुटते. अशा जमिनीला वाफसा आला असे शेतकरी म्हणतो व औत धरतो. मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांत पाणी व मोठ्या पोकळ्यांत हवा, ही ती अवस्था. पेटीला हवी ती हीच. 'पेटी वाफशावर ठेवावी' असे त्या पत्रकात असते तर निदान शेतीची ओळख असलेल्या वाचकाची दिशाभूल झाली नसती. शहरी वाचकासाठी परीक्षा अशी : पेटीतील मूठभर बिछाना घेऊन घट्ट दाबावा. बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर पाणी अधिक. काहीच आले नाही व मूठ उघडताच गोळा विखुरला तर पाणी कमी. उन्हाळ्यात गोणपाट भिजवले तरी बहुधा पुरते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आठ-आठ दिवस पाणी घालावेच लागत नाही. विदर्भातील मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेथे पेटी घरातील गार जागी हलविणे व गोणपाट दिवसातून दोनदा भिजविणे अवश्य आहे.

'ओला' या विशेषणाने दुसरा एक घोटाळा केला आहे, आणि तो अधिक व्यापक आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कचऱ्याचे जैवविघटनशील, अविघटनशील व घरगुती घातक असे विभाग करावयास सांगितले. बोलण्यात त्यांतील पहिल्या दोहोंचे 'ओला कचरा' व 'सुका कचरा' झाले. शब्द सुटसुटीत आहेत, पण त्यांनी भेदाचे गमकच बदलून टाकले. वाळलेले पान हाताला सुके लागते, म्हणून ते सुक्या कचऱ्यात जाते किंवा काडी लावून जाळले जाते; आणि दुधाची भिजलेली पिशवी ओल्यात पडते. वास्तविक वाळलेले पान विघटनशील आहे, आणि गांडूळपेटीला त्याचीच सर्वांत अधिक निकड असते. भाजीच्या अवशेषांत कर्ब व नत्र यांचे प्रमाण सुमारे १५ ते २० ला १ असे असते. वाळलेल्या पानांत ते ५० ला १ वा त्याहून अधिक असते. सूक्ष्मजीवांचे काम २५ ते ३० ला १ या प्रमाणात उत्तम चालते. नुसता 'ओला कचरा' घालणाऱ्याच्या पेटीत नत्र व पाणी यांचा अतिरेक होतो, आणि दुर्गंधी सुटते. आमच्या वसाहतीच्या हौदाचे नेमके हेच झाले. हौदात रोज ओला कचरा पडत होता, आणि त्याच आवारातील झाडांची पाने दर रविवारी झाडून जाळली जात होती.

४. कुजणे आणि सडणे

पदार्थ बिघडण्याच्या क्रियांसाठी मराठीत जी क्रियापदे आहेत ती मोठी अर्थपूर्ण आहेत. दूध नासते, शिजलेली भाजी विटते, पीठ आंबते, भाकरी बुरसते, दमट कोंदट जागी ठेवलेले कपडे उबतात, फळ सडते, पान आणि लाकूड कुजते. कोणत्या पदार्थाला कोणते क्रियापद लागते हे घरातील आजीला विचारावे लागत नाही. ते तिच्या जिभेवर असते. 'लाकूड नासले' किंवा 'दूध कुजले' असे ती कधीही म्हणणार नाही.

यांपैकी कुजणे व सडणे या दोहोंचा भेद नागर भाषेत पुसट होत चालला आहे. 'कुजका स्वभाव', 'कुजके बोलणे' यांसारख्या प्रयोगांनी कुजण्यालाही निंदेचा रंग चढला आणि दोन्ही शब्द घाणीचे वाचक ठरले. शेतकऱ्याच्या बोलीत मात्र 'चांगले कुजलेले खत' ही प्रशंसा आहे. कोणी 'चांगले सडलेले खत' असे म्हटलेले ऐकिवात नाही. विज्ञानाच्या दृष्टीने हा भेद सार्थ आहे. हवा खेळती असता जे सूक्ष्मजीव काम करतात ते कर्बाचे कर्बवायूत रूपांतर करतात, आणि मागे मातीचा सुगंध असलेला काळा चुरा राहतो, हे कुजणे. हवा कोंडली गेली असता दुसऱ्याच प्रकारचे जीव माजतात, त्यांतून गंधकयुक्त दुर्गंधी वायू व आम्ले निर्माण होतात, हे सडणे. मधली अवस्था आंबण्याची. फळांच्या साली एकाच ठिकाणी दाबून भरल्या की आंबूस वास येतो, आणि गांडुळे तेथून दूर सरकतात.

गांडूळ स्वतः कचरा खात नाही असे म्हटले तरी फारसे चुकीचे होणार नाही. कुजू लागलेला मऊ भाग व त्यावरील सूक्ष्मजीव हे त्याचे अन्न. ते पोटातून जाताना बारीक दळले जाते आणि सूक्ष्मजीवांनी समृद्ध होऊन लेंडीच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून कचरा आधी कुजू लागला पाहिजे, आणि सडता कामा नये. 

पेटीची नित्य तपासणी नाकाने करावी व जो वास येईल त्याला योग्य क्रियापद शोधावे, असे लेखक आपल्या विद्यार्थ्यांस विनोदाने सांगतो. पण त्यात तथ्य आहे. मातीचा वास आला तर कुजणे चालू आहे, काही करू नये. आंबूस वास आला तर साली काढून टाकाव्यात, अंड्याच्या टरफलांचा चुरा घालावा. घाण वास आला तर सडणे सुरू झाले. दोन-तीन दिवस अन्न बंद करावे, पालापाचोळा मिसळावा, हाताने हलके वर-खाली करावे, तळाची भोके मोकळी करावीत. उबट वास येऊन पेटी हाताला गरम लागली तर अन्नाचा थर जाड झाला आहे, तो पसरावा. चिलटे झाली तर अन्न उघडे राहते आहे. मुंग्या झाल्या तर पेटी कोरडी पडली आहे.

५. वाढ आणि खत काढणे

गांडूळ उभयलिंगी असते, तरी पिलांसाठी सामान्यतः दोघांचे मीलन लागते. मीलनानंतर गळ्याजवळच्या जाड पट्ट्यापासून लहान, लिंबाच्या आकाराचे कोष तयार होतात. एसेनियाच्या कोषातून सुमारे तीन ते चार आठवड्यांत दोन-चार पिले बाहेर येतात, व ती आणखी सहा ते आठ आठवड्यांत प्रौढ होतात. एका गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळे होतात, हा समज निराधार आहे. पुढच्या तुकड्याला कधीकधी शेपूट फुटते, मागचा तुकडा बहुधा मरतो. म्हणून पेटीत खुरपे वा फावडे चालवू नये, हातच वापरावा.

दोन ते तीन महिन्यांत वरचा थर चहापत्तीसारखा काळसर व रवाळ दिसू लागतो. मूळ पदार्थ ओळखू येईनासा झाला म्हणजे खत तयार झाले. तेव्हा चार-पाच दिवस पाणी बंद करावे. नंतर पेटी उजेडात, पण उन्हात नव्हे, गोणपाटावर उपडी करून शंकूसारखे ढीग करावेत. उजेडाला भिऊन गांडुळे तळाशी जातात. वरचे खत हाताने खरवडून घ्यावे, थोडे थांबावे, पुन्हा खरवडावे. शेवटी तळाशी गांडुळांचा गोळा उरतो, तो नव्या बिछान्यावर सोडावा. खत ३-४ मिलिमीटरच्या चाळणीने चाळावे, आणि चाळणीवर उरलेला चाळ कोषांसह पेटीत परत घालावा. तयार खत सावलीत, किंचित् ओलसर ठेवावे. कडक उन्हात वाळविल्यास त्यातील सूक्ष्मजीव नष्ट होतात.

६. 'खत' या शब्दाची व्याप्ती

चौथा शब्द 'खत'. युरिया हे खत, शेणखत हे खत, आणि गांडूळखत हेही खतच. एका शब्दाखाली आलेल्या वस्तूंचे कार्यही एकच असावे, असे मन नकळत धरून चालते. युरियात ४६ टक्के नत्र असते. गांडूळखतात साधारणतः १ ते २ टक्के. युरियाचा परिणाम आठवड्यात दिसावा अशी अपेक्षा गांडूळखताकडून केली तर निराशा होते, आणि 'जास्त घालून पाहू' हा विचार सुचतो. गांडूळखताचे खरे कार्य मातीची घडण सुधारणे, ओल धरून ठेवणे, निचरा राखणे आणि अन्नद्रव्ये हळूहळू मुळांपाशी पोचविणे हे होय. ते वनस्पतीपेक्षा मातीला दिलेले अन्न आहे असे समजावे.

कुंडी भरताना मिश्रणात एकूण आकारमानाच्या १० ते २० टक्के गांडूळखत पुरते. उरलेल्यात माती, नारळाचा भुसा व थोडी वाळू असावी. प्रमाण याहून फार वाढविल्याने लाभ त्या मानाने वाढत नाही, पुष्कळदा रोपे खुरटतात, कारण खतातील क्षारांचे प्रमाणही वाढते. नुसत्या गांडूळखतात बी पेरू नये. भरलेल्या कुंडीला दर दोन महिन्यांनी दोन मुठी खत वरून देऊन, माती हलकी खुरपून, पाणी द्यावे व पालापाचोळ्याने झाकावे. गुलाब, मोगरा, जास्वंद, कढीलिंब, मिरची, वांगे यांना ते चांगले मानवते. लेखकाच्या बागेत सर्वांत ठळक फरक जाणवला तो पाण्यात. ज्या कुंड्यांना एप्रिलात रोज पाणी लागे त्यांची ओल दुसऱ्या दिवसापर्यंत टिकू लागली.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. गांडूळपेटी तापत नाही, म्हणून कचऱ्यातील बिया मरत नाहीत. खत घातलेल्या कुंडीत टोमॅटो, पपई व भोपळा यांची रोपे आपोआप उगवतात. ती उपटून टाकावीत किंवा दुसरीकडे लावावीत.

'गांडूळपाणी' हा शब्दही असाच दुहेरी झाला आहे. तयार खतातून व जिवंत गांडुळांच्या थरातून स्वच्छ पाणी हळूहळू झिरपवून मिळते ते एक. आणि पेटीच्या तळातून अर्धवट कुजलेल्या कचऱ्याचा जो काळा निचरा गळतो तो दुसरा. पहिले दहापट पाण्यात मिसळून पानांवर फवारता येते. दुसऱ्यात घातक जंतू व अपक्व द्रव्ये असण्याचा संभव असतो. ते कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर कदापि फवारू नये, फार तर भरपूर पाणी मिसळून शोभेच्या झाडांच्या मुळाशी घालावे. दुसऱ्याला नुसते 'निचरा' म्हटले तर भेद स्पष्ट राहील. शिवाय निचरा फार येऊ लागणे म्हणजे पेटी वाफशावर नाही याची ती सूचना होय.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, या विषयासाठी नवी परिभाषा घडविण्याची गरज फारच थोडी आहे. उकिरडा, वाफसा, कुजणे, सडणे, आंबणे, उबणे, निचरा हे शब्द शेतात व स्वयंपाकघरात आजही जिवंत आहेत, आणि भाषांतरित पत्रकांतील 'योग्य आर्द्रता', 'विघटन प्रक्रिया' यांसारख्या शब्दांपेक्षा ते अधिक नेमके आहेत. पत्रके लिहिणाऱ्यांनी निदान चार दुरुस्त्या कराव्यात : 'गांडुळे' न म्हणता 'उकिरड्याची गांडुळे' म्हणावे; 'ओले' च्या जागी 'वाफशावर' लिहून खाली मुठीची परीक्षा द्यावी; कुजणे व सडणे यांतील भेद पहिल्याच परिच्छेदात सांगावा; आणि गांडूळखत हे मातीसाठी आहे, कुंडीत त्याचे प्रमाण पाचव्या हिश्शाहून अधिक असू नये, हे ठळकपणे छापावे.

आमच्या वसाहतीने हौद पुन्हा उघडण्याचे अद्याप मान्य केलेले नाही. तथापि दोन शेजाऱ्यांनी लेखकाच्या पेटीतून मूठ-मूठ गांडुळे नेली आहेत, आणि रविवारी पाने जाळणे थांबले आहे. ती आता पोत्यांत भरून ठेवली जातात. पत्रिकेच्या वाचकांस विनंती अशी की, आपापल्या तालुक्यात गांडुळाची, शेणाच्या निरनिराळ्या अवस्थांची व जमिनीतील ओलीच्या प्रकारांची जी नावे चालतात, ती कोणत्या प्रसंगी व कोणत्या वाक्यात वापरली जातात यांसह टिपून विभागाकडे पाठवावीत. हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत त्यांचे वय पाहता हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.